जुन्या फ्रेमा, नवे मेण

गेल्या दिवाळीनंतर जालना जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याचा फोन आला. तो कांद्याचे बियाणे घेतो. जानेवारी-फेब्रुवारीत कांद्याचे गोंडे फुलले की परागीभवनासाठी मधमाश्यांच्या पेट्या दर वर्षी भाड्याने आणतो. यंदा स्वतःच्याच असाव्यात म्हणून धंदा सोडून चाललेल्या कुणाकडून त्याने पाच जुन्या पेट्या स्वस्तात उचलल्या होत्या. माश्या नव्हत्या, लाकूड होते आणि आतल्या चाळीस फ्रेमा होत्या. "काका, फ्रेमांत जुनी पोळी तशीच आहेत, पार काळी पडलीत. तशीच वापरू, की काढून नवं शीट लावू? एक जण म्हणतो, शीटबिट काही नको, रिकामी फ्रेम द्या, माश्या बांधतात आपल्या आपण."

मी विचारले, "पेटीत माशी कोणती होती?"

"मधाची," तो म्हणाला.

हसू आले, पण त्याचे चुकले नव्हते. मीही सुरुवातीला एवढेच जाणत होतो. मी काही कृषी पदवीधर नाही. पंचवीस वर्षे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये काढली. मधमाश्यांचे वाचन, पत्रव्यवहार आणि चुका सगळे रात्रपाळीच्या आगेमागे झाले. त्या नोकरीने एक सवय लावली, कोणतीही वस्तू हातात आली की आधी मोजायची. म्हणून त्याला सांगितले, टेप घे आणि फ्रेमेची आतली लांबी-उंची मोज. बावीस फ्रेमा निघाल्या सुमारे २१ सेंटिमीटर लांब आणि साडेचौदा उंच. म्हणजे आपल्या सातेरी माशीची 'ए टाइप' पेटी. उरलेल्या अठरा त्याच्या दुप्पट लांब, म्हणजे मेलिफेराच्या, युरोपीय माशीच्या. त्याचा प्रश्न एक होता, पण त्याला दोन उत्तरे लागणार होती.

हा प्रश्न दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी कुणाला पडलाच नसता. मध काढायचा म्हणजे पोळे कापायचे, पिळायचे, मेण वेगळे करायचे. पोळे परत देण्याची सोयच नव्हती. स्विस अभ्यासक फ्रान्स्वा ह्यूबर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस पुस्तकाच्या पानांसारखी उघडणारी पेटी करून पाहिली. हा माणूस जवळजवळ आंधळा होता. त्याचा सेवक पाहायचा आणि तो प्रश्न विचारायचा. पुढे १८५२ मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथ या पाद्र्याने हलत्या फ्रेमेच्या पेटीचे पेटंट घेतले. त्याने हेरलेली गोष्ट साधी होती. माश्या बोटाच्या पेराहूनही लहान, साधारण ६ ते ९ मिलिमीटरची फट मोकळी ठेवतात. त्याहून अरुंद फट त्या बुजवतात, रुंद फटीत पोळे बांधतात. तेवढीच फट फ्रेमेभोवती ठेवली की फ्रेम कशालाही न चिकटता सुटी निघते. १८५७ मध्ये जर्मनीत मेहरिंगने मेणाच्या पातळ पत्र्यावर षटकोनांचे ठसे उठवले. हाच मेणपत्रा, आपले मधपाळ त्याला नुसते 'शीट' म्हणतात. आणि १८६५ मध्ये ह्रुश्का नावाच्या माणसाने गरगर फिरवून मध काढणारे यंत्र दाखवले. फ्रेम, शीट आणि यंत्र तिन्ही जमल्यावर पोळे न मोडता मध निघू लागला आणि तेच पोळे माश्यांना परत देता येऊ लागले. ते किती वेळा द्यावे, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

माश्या स्वतः याचे काय उत्तर देतात? अजिंठ्याला गेलेल्याने कड्यावर लोंबणारी आग्या मोहोळे पाहिलेली असतात. आग्या माशी मोसम संपला की अख्खे पोळे सोडून स्थलांतर करते. मागे राहिलेले पोळे मेणकिडा खातो, ऊन-वारा पाडतो. पुढच्या मोसमात त्याच कड्यावर, पुष्कळदा त्याच जागी मोहोळ परत लागते; पण बहुधा बांधकाम नवे असते. फुलोरी माशी, काटेरी झुडपात तळहाताएवढे पोळे लावणारी, तिचे वागणे निराळे. नवे घर जवळ असेल तर ती जुन्या पोळ्याचे मेण कुरतडून पायांवर लादून नेते. अभ्यासकांनी हिशेब मांडला तेव्हा दिसले की शंभरेक मीटरच्या पुढे हे मेण वाहून नेणे तिला परवडत नाही, आणि ती नेतही नाही. आमच्या कारखान्यातल्या भंगाराच्या हिशेबाहून हा चोख.

सातेरी ढोलीत, विहिरीच्या कपारीत राहते आणि अनेक समांतर पोळी बांधते. ('पोळे'चे अनेकवचन 'पोळी' होते, त्याला माझा इलाज नाही.) ती जुने पोळे वापरते, पण काळे, जाड झालेले तिला आवडत नाही. ते ती कुरतडून काढते आणि त्या जागी पांढरेशुभ्र नवे घालते. पेटीच्या तळाशी मेणाचा भुगा दिसू लागला की नवशिका मधपाळ घाबरतो. भुगा तसाच राहू दिला तर घाबरण्याजोगेच आहे, कारण मेणकिडा तिथेच वाढतो. पण कुरतडणे हा तिचा स्वभाव आहे. शिवाय मेलिफेरा झाडांचा चिकट डिंक आणून घर लिंपते, सातेरी तसे करत नाही. तिला घर आवडेनासे झाले तर ती डागडुजी करत बसत नाही, सरळ उठून जाते. ज्याच्या पेट्या अशा रिकाम्या झाल्या आहेत त्याला त्याचा अर्थ कळेल.

आता मेणाच्या किमतीकडे येऊ. मेण कामकरी माशीच्या पोटाखालच्या ग्रंथींतून पाझरते, साधारण बारा ते अठरा दिवसांच्या वयात. एक किलो मेणासाठी माश्या सहा ते नऊ किलो मध खातात, असे प्रयोगांतून निघालेले आकडे आहेत. मेलिफेराच्या मोठ्या फ्रेमेत शंभरेक ग्रॅम मेण बसते. सातेरीची फ्रेम क्षेत्रफळाने तिच्या तिसऱ्या हिश्श्याच्या थोडी वर, म्हणजे पस्तीस ग्रॅम धरू. आठ फ्रेमांचे पाव किलोच्या थोडे वर मेण आणि त्यासाठी दोनेक किलो मध. वर्षाला चार-पाच किलो मध देणाऱ्या पेटीतून दोन किलो बांधकामात गेले तर मधपाळाच्या हाती काय लागणार! जुने पोळे जपण्यामागचे अर्थकारण हे आहे आणि ते खोटे नाही. मात्र त्यात एक सूट आहे. फुलोरा जोरात असतो तेव्हा तरुण माश्यांच्या अंगावर मेण येतेच. तेव्हा बांधायला दिले तर तो खर्च एवढा जाणवत नाही. फुले नसताना रिकामी फ्रेम देणे म्हणजे उपाशी माणसाकडून घर बांधून घेणे.

मग जुने पोळे वाईट का? प्रत्येक घरात, म्हणजे षटकोनी कप्प्यात, अळीचा कोष होतो. माशी बाहेर पडते, कोषाचे रेशमी अस्तर आणि अळीची विष्ठा आतच राहते. पिढीमागून पिढी थर चढतात, पिवळे पोळे तपकिरी आणि मग काळे होते, घर आतून अरुंद होते. अमेरिकेत जॉर्जियात बेरी आणि डेलाप्लेन या दोघांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जुन्या व नव्या पोळ्यांवरच्या वसाहती शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. नव्या पोळ्यांवर पिलावा, म्हणजे अंडी-अळ्या-कोष, जास्त भरला आणि जन्मलेल्या माश्या वजनदार होत्या. पण जगण्या-वाचण्याचे प्रमाण मात्र जुन्या पोळ्यांत जास्त निघाले. हा दुसरा भाग 'जुने पोळे जाळून टाका' म्हणणारे लोक सहसा सांगत नाहीत. राणीलाही वापरलेल्या घरात अंडी घालायला आवडते, आणि उठलेल्या थव्याला रिकाम्या पेटीकडे ओढायचे तर जुन्या पोळ्याच्या तुकड्यासारखे दुसरे आमिष नाही. तेव्हा काळे म्हणजे वाईट असा सरळ कायदा करता येत नाही.

कायदा करावा लागतो तो रोगापुरता. इथे मला स्वतःचे सांगितले पाहिजे. २०१६ च्या दुष्काळानंतर माझ्याकडे सातेरीच्या सहा पेट्या उरल्या होत्या. एका मित्राने त्याच्या बंद पडलेल्या पेट्यांतल्या पोळे असलेल्या फ्रेमा दिल्या, आणि मी हरखून त्यातल्या तीन पेट्यांत घातल्या. माश्यांचे मेण वाचेल, पाऊस बरा झाला आहे, मोसम साधेल, असा हिशेब. त्याच्या पेट्या कशाने बंद पडल्या, हे मी विचारले नाही. पुढच्या होळीपर्यंत त्या तिन्ही पेट्यांत अळ्या घरातच वाकड्या होऊन पिवळट पडू लागल्या, आंबूस वास येऊ लागला. दोन वसाहती उठून गेल्या, तिसरी तिथेच संपली. ज्या तिघींना मी काही दिले नव्हते त्या राहिल्या. हा प्रयोग मी ठरवून केला नव्हता, पण याहून स्वच्छ प्रयोग मला नंतर करता आला नाही.

ती लक्षणे युरोपीय फाउलब्रूड या जिवाणूजन्य रोगाशी जुळत होती. प्रयोगशाळेत नमुना पाठवण्याची अक्कल तेव्हा नव्हती. हा रोग आपल्याकडे नवा नाही. १९७० च्या सुमारास महाराष्ट्रातल्या सातेरी वसाहतींत तो आढळला आणि १९७१ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये त्याची नोंद झाली. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था त्याआधी, १९६२ पासून, काम करत होती. त्यामुळे अशा गोष्टी निदान नोंदल्या तरी गेल्या. पुढे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड या विषाणूने दक्षिणेतल्या राज्यांत सातेरीच्या बहुसंख्य वसाहती संपवल्या. तिसरा, अमेरिकन फाउलब्रूड, मुख्यतः मेलिफेराचा. त्याचे बीजाणू पोळ्यात आणि लाकडात पस्तीस-चाळीस वर्षे जिवंत राहू शकतात. मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळते. त्या तापमानाला, किंवा नुसत्या उकळत्या पाण्यातही, या बीजाणूंची खात्री देता येत नाही. दाबाखाली १२० अंशांपर्यंत न्यावे लागते. घरच्या पातेल्यात मेण वितळवून शीट पाडले म्हणजे ते 'शुद्ध' झाले, हा समज म्हणून धोक्याचा.

मेणकिड्याला लोक रोगाहून जास्त भितात. खरे तर तो मेल्यावर येणारा सफाई कामगार आहे. त्याच्या अळीला निव्वळ मेणावर नीट वाढता येत नाही; तिला कोषांची अस्तरे आणि परागकण लागतात. म्हणून काळे पोळे आठवड्यात जाळ्यांनी भरते आणि मधकोठीतले पांढरे पोळे शेजारी तसेच राहते. ठेवणीतल्या चांगल्या फ्रेमा एक रात्र डीप फ्रीजरमध्ये ठेवल्या तर अंड्यांसकट सगळे मरते. नंतर उजेड आणि वारा लागेल अशा टांगून ठेवाव्यात. घरातल्या माणसांना मात्र आधी विचारावे. आमच्या फ्रीजरमधून मटाराच्या पिशव्यांना दोनदा विस्थापित व्हावे लागले आहे. डांबराच्या गोळ्या मात्र कुणी सांगितल्या तरी टाकू नयेत, त्या मेणात मुरतात आणि पुढे मधात उतरतात.

मग नवे शीट हाच उपाय का? इथे माझे मत प्रचलित सल्ल्याहून थोडे वेगळे आहे. शीटबरोबर परक्याचे मेण येते आणि परक्या माशीचे माप येते.

मापाचे आधी. मेलिफेराच्या कामकरी माशीचे घर साधारण ५.३ ते ५.४ मिलिमीटर रुंद असते. माझ्या पेट्यांत, खुलताबादच्या पायथ्याच्या एका पडक्या विहिरीतून आलेल्या सातेरीने स्वतःच्या मनाने बांधलेल्या पोळ्यावर मी व्हर्निअर लावला, तेव्हा ओळीने दहा घरे ४४ ते ४६ मिलिमीटर भरली. म्हणजे एक घर साडेचार. डोंगराळ भागातली सातेरी थोडी मोठी, तिची घरेही थोडी मोठी. आता सातेरीच्या नराचे घर किती? जवळपास पाच-सव्वापाच मिलिमीटर. म्हणजे मेलिफेराचे शीट सातेरीला दिले तर आपण तिला तिच्या भाषेत 'सगळीकडे नर वाढव' असे सांगत असतो. ती गोंधळते, ठसे मोडून वेडेवाकडे बांधते, नाहीतर पेटी सोडते. सातेरीसाठी वेगळ्या मापाचे शीट मिळते, पण दुकानात मागताना हे सांगावे लागते, आणि दुकानदाराला ते माहीत असेलच असे नाही. दहा घरे शाळेच्या पट्टीने मोजायला अर्धे मिनिट लागते.

मेणाचे नंतर. माझ्या एका खरेदीत आलेली शीटे एप्रिलच्या उन्हात पेटीतच ओघळली. पिलाव्याभोवती माश्या ३४-३५ अंश राखतात. तेवढ्याला अस्सल मेणाचे शीट ओघळत नाही. पॅराफिनची भेसळ होती, हा माझा तर्क. पॅराफिन मेणाहून हलके असते आणि पुष्कळदा कमी तापमानाला वितळते. पण भेसळ करणाराही हुशार असतो, दोन-तीन पदार्थ मिसळून तो आकडे जुळवतो. खात्री प्रयोगशाळेतच होते. युरोपातही २०१६ च्या सुमारास बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये स्टिअरिन मिसळलेल्या शीटांवर अळ्या मरू लागल्या तेव्हा मोठा गवगवा झाला होता. शिवाय अस्सल मेणही निर्दोष असते असे नाही, कारण मेणात औषधे साठतात. अमेरिकेतल्या २०१० च्या एका मोठ्या पाहणीत पोळ्यांच्या आणि शीटांच्या जवळजवळ सगळ्या नमुन्यांत गोचिडीसारख्या व्हरोआ किडीसाठी मधपाळांनीच वापरलेली औषधे सापडली. एकाच्या पेटीतले औषध मेणातून वितळून, शीट बनून, ज्याने कधी औषध वापरलेच नाही त्याच्या पेटीत पोचते.

तर मग रिकामी फ्रेम? ती द्यावी, पण अगदी रिकामी नव्हे. वरच्या पट्टीखाली मधोमध दोन बोटे रुंद मेणाची पट्टी चिकटवावी, स्वतःच्या निरोगी पेटीतल्या मेणाची. तेवढ्या इशाऱ्यावर माश्या सरळ खाली बांधत जातात. पेटी पाणसळ लावून तंतोतंत सपाट हवी; पोळे गुरुत्वाने ओळंब्यात उतरते आणि पेटी कलली असेल तर फ्रेमेबाहेर जाते. अशी फ्रेम शक्यतो दोन बांधलेल्या सरळ पोळ्यांच्या मध्ये द्यावी. आडव्या दोन तारा ओढाव्यात. त्या न ओढता काढलेले कोवळे पोळे मी एकदा हातात आडवे धरले, आणि मध-अळ्यांसकट ते चपलेवर पडले. मराठवाड्यातल्या त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांच्या मे महिन्यात तर उघडावेच लागले तर सकाळी सहाला.

अशा फ्रेमेवर माश्या नरांची घरे जास्त करतात, ही तक्रार खरी आहे. नर मध गोळा करत नाहीत म्हणून मधपाळाला ते ऐतखाऊ वाटतात. पण राणी एकाच नराशी नव्हे, डझनाहून अधिक नरांशी जुगते. परिसरात नरच नसतील तर नव्या राण्या कशाच्या बळावर टिकतील? व्हरोआ ही मूळची सातेरीचीच कीड. सातेरीत ती जवळजवळ फक्त नरांच्या घरात वाढते आणि हजारो वर्षांत दोघींचे जमून गेले आहे. त्यामुळे सातेरीपुरते तरी मला नरांचे वावडे नाही. मेलिफेराचे तसे नाही. तिच्यात ही कीड कामकऱ्यांच्या घरांतही वाढते. तिची पेटी मोठी, मध जास्त, यंत्रात फिरवायची तर तारेवर बसवलेले पूर्ण शीट बरे. तिथे मी शीटच सुचवतो, फक्त मेणाचा माग विचारून.

हे सगळे फोनवर सांगणे शक्य नव्हते, म्हणून एका रविवारी त्याच्या शेतावर गेलो. त्याच्या वडिलांनी आधी चहा आणि मग शंका पुढे केली, "एवढी तयार घरं, जाळता कशाला?" त्यांचे बरोबर होते, त्यांच्या दृष्टीने ती चाळीस घरे होती. मी विचारले, आधीच्या माश्या कशाने गेल्या? कुणाला ठाऊक नव्हते. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

लहान बावीस फ्रेमांतली पोळी कापून काढली. पत्र्याच्या पेटीवर काच ठेवून केलेल्या सौर वितळणीत ती दोन दिवस ठेवली. मराठवाड्यात नोव्हेंबरचे ऊनही त्याला पुरते. काळ्या पोळ्यातून मेण थोडेच येते, बहुतेक चोथा. पाव किलोच्या थोडे वर निघाले. तेही माश्यांना परत द्यायचे नाही, असे बजावले. ते वडिलांनी दोऱ्याला ओढायला ठेवून घेतले. लाकूड खरवडले, धुण्याचा सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात बुडवून काढले, पेट्या आतून ब्लोलॅम्पने तांबूस होईपर्यंत भाजल्या. सुरुवातीच्या पट्ट्यांसाठी मेण आणि थव्याला ओढण्यासाठी जुन्या पोळ्याचा एक तुकडा मी माझ्या पेटीतला दिला. फाल्गुनात त्यांच्याच विहिरीवर एक सातेरीचा थवा बसला तो एका पेटीत उतरला. रिकाम्या फ्रेमांतल्या पाच त्यांनी भरल्या, सहावी अर्धवट आहे. दहा घरे ४५ मिलिमीटर.

मोठ्या अठरांपैकी अकरा फ्रेमा पोळ्यासकट खड्ड्यात जाळल्या. उरलेल्या सात, दिसायला बऱ्या, त्यांनी मी निघाल्यावर ठेवून घेतल्या. ते मला जानेवारीत, भाड्याच्या मेलिफेरा पेट्या आल्यावर कळले. भाड्याच्या पेट्यांना हात लावू नका, एवढे मात्र त्यांनी ऐकले. नंतर एक छोटी वसाहत विकत घेऊन त्यांनी ती या सात फ्रेमांवर बसवली. ती पेटी बांधाच्या पलीकडे, इतरांपासून लांब ठेवली आहे आणि तिच्या झाकणावर तांबड्या रंगाचा पट्टा ओढला आहे. तिच्यासाठी हत्यार आणि हातमोजे वेगळे आहेत. दर पंधरा दिवसांनी तो मला पिलाव्याचा फोटो पाठवतो. भाद्रपद अखेरच्या फोटोत अळ्या पांढऱ्या आणि चमकदार होत्या. दोन घरांची झाकणे बसकी वाटली, म्हणून काडी घालून पाहायला सांगितले आहे. तार सुटते का, ते अजून त्याने कळवलेले नाही.